धुराड्याची खेच

९ नोव्हेंबर

फायरप्लेस आज पुन्हा विझली. सरोवरावरून वारा सुटला की ती विझणार, हे आता ठरूनच गेलंय. आधी ज्योत बर्नरवरून उचलली जाते, थोडा वेळ अधांतरी नाचते आणि मग फट् करून गप्प होते. गॅस पेटवणारी बारीक पायलट ज्योतही तिच्याबरोबर जाते. मग मी आपला गुडघे टेकून, बटण दाबून धरून, तिची मनधरणी करत बसतो. ज्या गुडघ्यांनी जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढणारी काउंटीची बर्फगाडी चालवली, ते आता खाली बसताना शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जातात.

हेल्वी पलंगावरून म्हणाली, "शिव्या जरा हळू दे, आर्विड. भिंतीवर माझी आई लटकलीय, ती ऐकतेय."

"तुझ्या आईनं याहून जास्त दिल्यात मला."

"तेव्हा तुझी लायकी होती तशी."

पलंग गेल्या आठवड्यात खाली बैठकीच्या खोलीत आणला. जिने चढणं तिला आता जमत नाही. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं की छातीतल्या गाठीचं दुखणं डोक्यापर्यंत पोचलंय, आता औषधांचा मारा पुरे, आराम द्या. आराम कुठे द्यायचा यावर आमच्या लेकीनं, जोआननं, आणि मी फोनवर बरीच हुज्जत घातली. ग्रीन बेला तिच्या घराजवळ शेवटच्या दुखण्यातल्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे म्हणे, बाग वगैरे असलेली. हेल्वी म्हणाली, बागेत मेलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, मला घरीच राहायचंय, विस्तवासमोर. शेवटी तह झाला. खोली ऊबदार राहिली आणि मला झेपलं, तर आई घरी. नाही जमलं तर जोआन येऊन घेऊन जाणार.

म्हणजे सगळं या फायरप्लेसवर आलं. तळघरातल्या भट्टीची ऊब या खोलीपर्यंत येतच नाही. ही वहीही जोआननंच दिली, आईनं काय खाल्लं आणि गोळ्या कधी घेतल्या ते लिहायला. गोळ्यांचं एका पानात उरकलं. बाकीचं आता मी माझ्या मनानं भरतोय.

१२ नोव्हेंबर

आज वारा नाही, ज्योत जागेवर. पण निळी आहे. हेल्वी म्हणते, निळा विस्तव म्हणजे दवाखाना. तिला जंगलातल्या आमच्या शिकारीच्या कॅम्पवरच्या जुन्या लोखंडी चुलीसारखी पिवळी, आळसावलेली ज्योत हवी. लाकूड फोडणं माझ्या कमरेनं सोडल्यावर आम्ही हा गॅस घेतला, तेव्हापासून तिचं हे पालुपद चालू आहे. तेव्हा मी कानाआड करायचो. आता म्हणते, तेवढं एक कर.

"कशी आहे ग आत्ता?" मी विचारलं.

"तू सांग."

"तू समोर आहेस, मी काय सांगू?"

"तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. जन्मभर तू काही सांगितलं नाहीस, आता जरा सांग."

मग मी सांगितलं. निळी, मध्ये मध्ये पिवळे तुरे, डाव्या बाजूला जास्त उंच. एवढं बोलून मला घाम फुटला.

१६ नोव्हेंबर

काल हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी पंधरा नोव्हेंबरला घरी राहिलो. रस्त्यावर नारिंगी जाकिटांची रांग लागलीय आणि मी सूप ढवळतोय. हेल्वीनं तीनदा सांगितलं जा म्हणून. मी म्हणालो, हरणांना यंदा सुट्टी.

तिनं कॉफी सांडली. कप उजवीकडे ठेवला होता, ती डावीकडे हात फिरवत होती आणि परत येताना कोपर लागलं. औषधांनी गुंगी येते. मी आता कप डावीकडेच ठेवतो आणि ठेवताना टक् असा आवाज करतो, म्हणजे तिचं लक्ष जातं.

वर्तमानपत्रही मीच वाचून दाखवतो. चष्म्यानं तिचं नाक दुखतं. आमच्या वयात पहिल्यांदा मृत्यूची पानं वाचायची असतात. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये, दफनानंतरची कॉफी कुठे.

२४ नोव्हेंबर

मिल्ड्रेड आली होती, शेजारची. येताना पास्टी, मांस आणि बटाटा भरलेली मोठी करंजी, घेऊन आली. तिचे आजोबा कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले, म्हणून पास्टी म्हणजे तिच्या खानदानाची जहागीर आहे असं तिला वाटतं.

"गाजर आहे का आत?" हेल्वीनं विचारलं.

"गाजर तुम्ही फिनिश लोक घालता. पास्टीत सलगम असतं."

"मग ती परत ने."

"मरायला टेकलीस तरी खोड गेली नाही तुझी," मिल्ड्रेड म्हणाली आणि दोघी पोट धरधरून हसल्या. हे असलं या दोघीच एकमेकींना बोलू शकतात. मला उठून आत जावंसं वाटलं.

मिल्ड्रेड पायरीवरच्या बर्फावरून घसरली होती. डोळ्याभोवती हे एवढं काळंनिळं, गालापर्यंत उतरलेलं. तासभर ती हेल्वीच्या समोर बसून होती आणि हेल्वीनं एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं तिला कधीच आवडलं नाही. मिल्ड्रेड मात्र जाताना दारात माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी. मीच म्हणालो, "पायरीवर मीठ टाक जरा." ती "बरं" म्हणाली.

३ डिसेंबर

सरोवर खवळलंय. म्हणजे हिमवादळ. आज फायरप्लेस सकाळपासून किती वेळा विझली ते मोजायचं मी सोडलं. खोली एवढी गारठली की मी हेल्वीवर माझा शिकारीचा कोट टाकला. ती बंदुकीच्या तेलाचा वास घेत पडून राहिली, म्हणाली बरा आहे हा वास.

जोआनचा फोन नेमका तेव्हा. "बाबा, दात का वाजतायत तुझे?"

"वाजत नाहीत. जेवतोय."

"बाबा, खरं सांग. खोली थंड आहे ना? आपलं ठरलं होतं."

मी म्हणालो माणूस बोलावलाय. नव्हता बोलावला. फोन ठेवल्यावर बोलावला.

११ डिसेंबर

गॅसवाला बर्नी आला, हॅनकॉकहून. त्याची व्हॅन आमच्या चढावर रुतली आणि मीच फावड्यानं काढली, त्यामुळे तो पैशांच्या बाबतीत जरा मऊ झाला. बोलका गडी. आधी बाहेर जाऊन चिमणीकडे मान मोडेस्तोवर बघून आला.

"ही एवढी उंच कुणी केली?"

"सासऱ्यानं. बर्फात बुडू नये म्हणून."

"इथं ज्याच्या त्याच्या सासऱ्यानं हेच केलंय. बर्फाच्या धाकानं चिमण्या वर वर चढवत नेल्या. लाकडाला ते चालून जायचं. गॅसच्या धुराची नळी तेवढ्या उंचीवर नेली की हवेची वरची खेच मरणाची वाढते. वर वारा असला की आणखी. ती ज्योतीला बर्नरवरून उचलूनच नेते." मग त्यानं जाळी काढून मला एक छोटा दांडा दाखवला. नळीच्या तोंडाशी पत्र्याची झडप आहे, ती या दांड्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून सरकवायची. इतकी वर्षं ती सताड उघडी होती.

त्यानं थोडी मिटवली. ज्योत बसली. मग बाहेर वाऱ्याचा झोत आला आणि परत उचलली. म्हणाला, "हिला सवयीनंच जागेवर आणावं लागेल. वारा असेल त्या दिवशी तूच कर. जरासं सरकवायचं, पेटवायचं, पाव तास थांबायचं. गरम झाल्याशिवाय ती आपला खरा स्वभाव दाखवत नाही."

"पिवळी कशी करायची?" हेल्वीनं पलंगावरून विचारलं.

बर्नीनं खालची हवेची पट्टी दाखवली. तिला नाही, मला दाखवली. पट्टी मिटवली की ज्योत पिवळी होते, उघडली की निळी. जास्त मिटवली तर काच काजळीनं काळी होते. "दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. एकीला हात लावलास की दुसरी रुसते."

"म्हणजे घरच्यासारखंच," हेल्वी म्हणाली. बर्नी खो खो हसला.

१३ डिसेंबर

सबंध दिवस झडप आणि पट्टी. मिटव, पेटव, थांब, बघ. हेल्वी तिकडून हुकूम सोडते.

"जराशी अजून."

"आता?"

"निळी आहे का अजून?"

"कडेला."

"मग जराशी अजून."

मला खोटं सांगायचं नाही, मजा आली. बर्फगाडीवर असताना पुढच्या पात्याची उंची मी अशीच बसवायचो, रस्ता खरवडला जाऊ नये आणि बर्फही राहू नये. संध्याकाळपर्यंत कमरेत उसण भरली, पण ती म्हणाली, "आज तू सकाळपासून एकदाही खिडकीशी जाऊन उभा राहिला नाहीस." मी खिडकीशी उभा राहतो हे तिला कसं ठाऊक, ती तर तेव्हा डोळे मिटून पडलेली असते.

२५ डिसेंबर

नाताळ. मिल्ड्रेडनं निसू आणला, वेलदोड्याचा गोड पाव. कबूल केलं की तो फिनिश लोकांनाच जमतो आणि तिनं तो चर्चच्या बायकांकडून विकत घेतलाय. हेल्वीनं एक तुकडा कॉफीत बुडवून खाल्ला, बाकीचा उशीखाली ठेवला. नंतर बघतो तर कुस्करा.

तिनं मला मोज्यांचा जोड दिला. गेले दोन महिने पडल्यापडल्या विणत होती. एक मोजा राखाडी आहे. दुसरा घोट्यापर्यंत राखाडी आणि तिथून पुढे लालभडक.

"लोकर संपली?"

"फॅशन आहे," ती म्हणाली.

मी ते पायात घातले. रविवारी चर्चलाही हेच घालून जाणार आहे, कोण काय म्हणतं बघू.

८ जानेवारी

जोआन आली. न सांगता आली, म्हणजे तपासणीला आली. नेमकं वादळ सुरू. मी दारात तिची बॅग घेतली आणि फायरप्लेसला मनात म्हटलं, आता तू विझू नकोस, बाकी काही मागत नाही. ज्या यंत्रानं मला गुडघ्यावर आणलं त्याचीच मी प्रार्थना करत होतो.

आणि ती विझली नाही. कालच झडप आणखी केसभर मिटवली होती, पट्टीही. वारा चिमणीत घुमत होता आणि ज्योत जागेवर बसून होती. पिवळी. टोकाला किंचित नारिंगी, चिनी मातीच्या त्या नकली लाकडांना चाटत. जोआननं कोट काढला. मग स्वेटरही काढला. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो माझ्या तोंडावर काय दिसेल.

"हेल्वी, बघ," मी म्हणालो. "पिवळी."

तिनं मान वळवली. थोडी खिडकीकडेच वळवली, मानेतही दुखतं तिच्या. "अगदी कॅम्पच्या चुलीसारखी," ती म्हणाली. "तू करून दाखवलंस, म्हाताऱ्या."

जोआन उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर ती सिंकशी उभी राहून रडत होती. आईला एवढं सुखात बघून भरून आलं असेल. मी पाठीवर हात ठेवला. "बाबा, तुला खरंच..." एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "आई इथंच राहू दे."

मी तिला दोन पास्ट्या बांधून दिल्या. एकीत गाजर.

१७ जानेवारी

काच काळी पडायला लागली आहे. बर्नी म्हणाला होताच. पिवळेपणाची किंमत. दर आठवड्याला गॅस बंद करून, सगळं गार होऊ देऊन, काच उतरवून पुसावी लागणार. ठीक आहे.

नर्स शेरिल आता आठवड्यातून दोनदा येते. आज हेल्वीचा रक्तदाब घेतल्यावर मला म्हणाली, "तुम्ही दोघं बोलला आहात ना? म्हणजे, तिनं तुम्हाला सांगितलंय ना सगळं?"

"सगळं माहीत आहे मला. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं."

शेरिल हेल्वीकडे बघत राहिली. हेल्वी म्हणाली, "शेरिल, तुला उशीर होतोय." एवढी चांगली बाई, हिला घालवायची काय घाई होती कळलं नाही.

२ फेब्रुवारी

हे कसं लिहू.

सकाळी काच पुसायला घेतली. मिल्ड्रेडकडून विजेचा हीटर आणून पलंगाशी लावला, म्हणजे हेल्वीला गारवा लागणार नाही. तिचं प्राणवायूचं यंत्र एका सुरात घरघरत होतं. ती झोपलेली होती. मी गॅस बंद केला, सगळं गार झाल्यावर काच उतरवली आणि गुडघ्यांवर बसून व्हिनेगर लावून पुसत होतो. समोर नुसती काळी पोकळी, आत थंड नकली लाकडं.

ती जागी झाली. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आर्विड, आज किती छान जळतेय. हलत पण नाहीये. आता हिला हात लावू नकोस, अशीच राहू दे."

काच माझ्या हातात होती. मी तिच्याकडे वळून बघितलं. तिचे डोळे उघडे होते, नीट माझ्यावर रोखलेले, आणि ती हसत होती. मी हातातली काच हलवली. तिच्या डोळ्यांसमोर हलवली. काही नाही.

"ऐकलंस का?" ती म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणालो. "आज चांगली जळतेय."

मग मी तळघरात गेलो. तिथं बर्फाच्या फावड्यांशेजारी एक उलटी बादली आहे, तिच्यावर बसलो. कप. चष्मा. मिल्ड्रेडचा डोळा. मोजे, देवा, ते मोजे. जोआन सिंकशी उभी राहून कशासाठी रडत होती ते. मी पस्तीस हिवाळे पांढऱ्या अंधारात रस्ता ओळखून गाडी हाकली आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोचं, मला एवढं दिसलं नाही.

४ फेब्रुवारी

शेरिलला बाहेर गाडीपर्यंत सोडायला गेलो. विचारलं.

"नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून," ती म्हणाली. "आधी कडा गेल्या, मग सगळंच. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक असेल. तिनं मला शपथ घातली होती."

"का?"

"म्हणाली, आंधळी बाई आणि म्हातारा माणूस एकटे घरात, हे कळलं तर मुलगी त्याच दिवशी घेऊन जाईल." शेरिलनं गाडीच्या काचेवरचा बर्फ हातमोज्यानं झटकला. "आणि म्हणाली, त्याला दुरुस्त करायला काहीतरी हवं, नाहीतर तो नुसता खिडकीशी उभा राहून मरेल. माझं काही दुरुस्त होणार नाही, ती फायरप्लेस होईल."

मी तिला म्हणालो, मला कळलंय हे हेल्वीला सांगू नकोस. शेरिल म्हणाली, "तुम्ही दोघंही वेडे आहात." असू.

११ फेब्रुवारी

ज्योत आता पक्की बसली आहे. दोन वादळं झाली, हलली नाही. तिला हात लावायचं खरं तर काही काम नाही.

पण दुपारी हेल्वी विचारते, "कशी आहे?" मी म्हणतो, "जराशी निळी वाटते ग, डावीकडे." मग ती खूश होते. "मग झडप बघ की," म्हणते. मी गुडघे टेकतो, स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि जाळीवर खडखड करतो. दांड्याला लावतही नाही. नुसता आवाज.

"आता?"

"थोडी अजून."

खडखड.

"आता?"

"आता बरी दिसते," ती म्हणते. आणि मी उठताना माझे गुडघे वाजतात त्यावर ती हसते.

पहिले दोन दिवस माझा आवाज भरून यायचा. तिनं ओळखलं. "काय झालं तुला?" "सर्दी," म्हणालो. "मग मोजे घाल," म्हणाली. घातलेच होते.

१९ फेब्रुवारी

जोआनचा फोन. ती म्हणाली, "बाबा, आईला दिसतं का नीट? मी तिला तिच्या नातीच्या, एमीच्या, नव्या केसांचा फोटो पाठवला, ती त्याबद्दल काही बोललीच नाही."

तिला ठाऊक आहे. जानेवारीतच कळलंय तिला. ती मला खरं सांगायची संधी देत होती, किंवा माझ्याकडून परवानगी मागत होती, मला अजून नक्की कळत नाही.

"दिसतं," मी म्हणालो. "म्हणाली केस फार आखूड कापलेत."

जोआन म्हणाली, "बरं बाबा," एवढंच. मग फोन ठेवायच्या आधी, "तिला सांग, वाढतील."

आम्ही तिघंही एकाच गोष्टीबद्दल एकमेकांशी खोटं बोलतोय. आमच्यात हे असंच. माझ्या बापानं आईच्या कबरीशी उभं राहून फक्त एवढंच म्हटलं होतं की जमीन फार कडक आहे.

२८ फेब्रुवारी

शनिवार. आयुष्यभर शनिवार म्हणजे सौना, वाफेचं न्हाणं. अंगणातला सौना मी नोव्हेंबरपासून पेटवलेला नाही. हेल्वी म्हणाली, केस धुवायचेत. मी फायरप्लेससमोर टब ठेवला, तिला खुर्चीत बसवली, पाणी कोपरावर पडताळून बघितलं. तिचे केस आता मुठीत मावतील एवढेच उरलेत. बर्चच्या पानांचा साबण लावला. मला वाटलं होतं मी धसमुसळेपणा करीन, पण हात आपोआप हळू झाले.

"तुला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

"मलाही."

पाणी टबात ठिबकत होतं. बाहेर कुणाचीतरी बर्फगाडी गेली, पातं जरा खाली आलंय, रस्ता खरवडत होती. आम्ही दोघांनीही ती ऐकली.

"तू आधी," मी म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं काय होतं?"

"राहू दे."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि डोकं मागे माझ्या पोटाला टेकवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टॉवेल घेतला.

६ मार्च

दोन दिवस ती फारसं खात नाही. शेरिल म्हणाली, जोआनला बोलावून घ्या. ती उद्या पोचेल.

मिल्ड्रेड येऊन गेली. हेल्वीच्या कानाशी वाकून बराच वेळ काही कुजबुजली. हेल्वी एकच शब्द बोलली, "गाजर." मिल्ड्रेड रडत आणि हसत गेली.

८ मार्च

हे आज लिहितोय, पण झालं काल.

दुपारी वारा सुटला. या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा. जोआन वाटेत होती, रस्ते बंद व्हायच्या आत पोचेल अशा बेतानं निघालेली. मी पलंगाशी बसलो होतो. हेल्वीचे श्वास लांब लांब झाले होते, मध्ये मोठी मोकळी जागा.

तिनं डोळे उघडले. "कशी आहे?"

मी बघितलं. चिमणीत वारा एवढा घुमत होता की भिंत थरथरत होती आणि ज्योत जागेवर होती, पिवळी, शांत. मी म्हणालो, "जराशी डावीकडे निळी वाटते."

"मग बघ की," ती म्हणाली.

मी गुडघे टेकले. खडखड केली.

"आता?"

"थोडी अजून."

खडखड.

"आता?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. मला वाटलं वाऱ्यात ऐकू आलं नसेल. मी आणखी मोठ्यानं खडखड केली आणि परत विचारलं. मग प्राणवायूच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तसाच जमिनीवर बसून राहिलो, कारण उठलो असतो तर बघावं लागलं असतं.

नंतर उठलो. तिचा हात गरम होता, फायरप्लेसमुळेही असेल. मी तिला सगळं सांगितलं. ज्योत पिवळी आहे, टोकाला नारिंगी आहे, काच स्वच्छ आहे, बाहेर हे एवढं वादळ आहे तरी ती हललेली नाही. मग सांगितलं की मला माहीत आहे, हेल्वी, एक महिना झाला मला माहीत आहे.

हे मी एक दिवस आधी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग एवढे दिवस खाली बसून कसली खुडबुड करत होतास? आणि मी म्हणालो असतो, तू सांगत होतीस म्हणून.